साहेबांची खुर्ची आणि गार भाकर

तुमच्या प्रार्थनेच्या जागी, मग ते चर्च असो, देऊळ असो नाहीतर घरातला एखादा कोपरा असो, अशी एखादी रिकामी जागा आहे का, जिथं कुणी जाऊन बसलेलं तुम्हाला खपणार नाही? उत्तर द्यायची घाई करू नका. मी अठरा वर्षांची असताना मला कुणी हे विचारलं असतं, तर मी ताडकन 'नाही' म्हणाले असते आणि विचारणाऱ्याच्या हातात वर धर्मप्रचाराची दोन पत्रकं ठेवली असती. पत्रकं माझ्याजवळ नेहमीच असत.

याला कारण आमचं घर. ठाण्याला खाडीच्या अंगाला आमची चार खोल्यांची कौलारू जागा होती. पुढच्या दोन खोल्यांत मंडळीचा, म्हणजे आमच्या प्रॉटेस्टंट चर्चचा, छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. बाबा त्या छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. पण जुळारी, यंत्र चालवणारे, प्रुफं तपासणारे आणि झाडू मारणारेही तेच. पायाने दाबायच्या यंत्राचा 'खटक-धप्प, खटक-धप्प' आवाज सकाळी सुरू झाला की दुपारपर्यंत थांबत नसे. तो थांबला की मला घर बहिरं झाल्यासारखं वाटे. शाईचा आणि खिळे पुसायच्या रॉकेलचा वास आमच्या चादरींनाही येई. आईच्या फडताळात खाली अंथरलेला कागद पत्रकांचा, माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची, आणि शेंगदाणे बांधून दिलेली पुडीही बिघडलेल्या पत्रकाचीच. दाणे संपले की मी पुडी उलगडून वाचत असे. 'दारू तुझी की तू दारूचा?' 'तू मेल्यावर तुझं काय?' 'तुझा देव तुझ्याशी बोलतो का?' अक्षरओळखही मला खिळ्यांवरूनच झाली आणि खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. त्यामुळे पहिलीत मी 'क' उलटा काढला आणि बाईंची छडी खाल्ली. घरी येऊन बाबांना म्हटलं, "शाळेतलाच उलटा आहे, आपला बरोबर आहे." बाबा हसून म्हणाले, "करुणा, तू मोठी झालीस की पत्रकं लिहिशील."

पत्रक कसं असावं, यावर बाबांचं मत पक्कं होतं. ते प्रश्नाने सुरू व्हावं आणि कामाने संपावं. वाचणारा वाचून झाल्यावर उठला नाही, कुठं गेला नाही, हाताने काही केलं नाही, तर कागद फुकट गेला असं ते म्हणत. आज इतकी वर्षं झाली, तरी माझं लिखाण त्याच साच्यात पडतं. हा लेखही पडणार, हे आताच सांगून ठेवते.

आई कल्याणच्या एका शाळेत शिकवायची. ती सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची. त्यामुळे सातव्या वर्षापासून माझं दुपारचं जेवण रोझामावशीकडे असे. आमच्या मागच्या दाराला लागून तिचं ठेंगणं घर होतं. रोझामावशी कॅथलिक होती, ठाण्याच्या मूळच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. नवरा मिठागरावर कामाला होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. लग्नाकार्यात आणि सणाला ती फुगे तळून द्यायची. आंबवलेल्या पिठाचे ते गोल गरगरीत तळलेले फुगे खायला लांबून लोक येत. पूर्वी ती पिठात ताडी घालत असे. दारूबंदी आल्यावर काय घालायची, हे तिला कुणी विचारत नसे. आणि दारूविरुद्धची पत्रकं छापणारे माझे बाबाही ते फुगे खाताना काही विचारत नसत. रोजच्या जेवणाला मात्र तिच्याकडे तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाचं नाहीतर वालाचं कालवण. कालवणात तिने उन्हाळ्यात कांडून बाटल्यांत दाबून भरलेला मसाला. त्या मसाल्याचा वास अजूनही कुठे आला की मी रस्त्यात थांबते. माझी सून म्हणते, "आई, चला ना, काय हुंगताय?"

तक्रार माझी एकच होती. मला भाकर गार मिळायची. मावशी स्वतः तव्यावरची गरम खायची, पाहुणा आला तर त्यालाही गरम. मला मात्र पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेली सकाळची. "मावशी, मलाच का गं गार?" असं मी किती वेळा म्हटलं असेल! ती म्हणे, "गपचीप जेव गो. गार खाल्ल्यानं डोकं गार रातं. तुना त्याची लई गरज हाय."

तिच्या दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात मरियामायची हातभर उंचीची मूर्ती. निळा झगा, नाकाचा टवका उडालेला. मावशी रोज सकाळी चूल पेटवली की पहिली भाकर पितळेच्या ताटलीत घालून त्या मूर्तीपुढे ठेवी, मेणबत्ती लावी, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे. शाळेत जाताना मला हे रोज दिसायचं. लहानपणी काही वाटत नसे. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पत्रकं माझ्या अंगात भिनली आणि मग ती ताटली मला खुपायला लागली. आमच्याकडे या बाबतीत नियम कडक होता. आळीत बहुतेक घरं हिंदूंची. सणावाराला शेजारून प्रसाद येई. आई तो दोन्ही हातांनी घेई, वाटीत साखर घालून वाटी परत करी, गोड बोले आणि प्रसाद गाईला घाली. मूर्तीपुढे ठेवलेलं आपण खायचं नाही. शेजाऱ्यांना हे माहीत होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. पण हिंदू शेजाऱ्यांना निदान आमचं शास्त्र ठाऊक नव्हतं. मावशीकडे तर तोच ख्रिस्त होता, त्याच दहा आज्ञा होत्या. आणि ती प्लॅस्टरच्या बाईला भाकर दाखवत होती! याचा मला जास्त संताप येई.

अठरावं लागलं तेव्हा मला मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घ्यायचं ठरलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली द्यायची आणि पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाचा भाकरीचा तुकडा, घ्यायचं, अशी आमची रीत. मी ठरवलं की त्याच दिवशी माझं पहिलं पत्रक निघालं पाहिजे; उपासना सुटली की मी दारात उभी राहून ते वाटणार. तीन दिवस बसून लिहिलं. मथळा होता 'दगडाला भूक लागते का?' त्यात एक परिच्छेद असा होता, की माझ्या ओळखीची एक बाई, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारी, रोज पहिली भाकर मूर्तीपुढे ठेवते. दारात उपाशी माणूस येऊन उभा राहिला तरी ती भाकर त्याला मिळत नाही. अशी बाई देवाची उपासना करते की दगडाची? मला तो परिच्छेद फार आवडला होता. मी तो मोठ्याने वाचून पाहत असे.

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि उभ्याउभ्याच वाचून काढला.

"बरं लिहिलंयस," ते म्हणाले. "हा उपाशी माणूस कोण?"

"कोण म्हणजे? आहे कुणीतरी."

"तू पाहिलास?"

"बाबा, ते उदाहरण आहे. वाक्याला जोर यायला हवा."

"हं. पण नाव-गाव नसलेल्या माणसाला असं कुणाच्या दारात उभं करू नये." त्यांनी खिळ्यांची पेटी ओढली. "मी छापतो. एका अटीवर. वाटायच्या आधी हे तू रोझाबाईंना वाचून दाखवायचं."

"त्यांचं नाव कुठंय यात?"

"नाव नाही, पण भाकर तर आहे. त्या स्वतः वाचू शकत नाहीत, म्हणून म्हणतोय. ज्याला वाचता येत नाही त्याच्याबद्दल लिहिलं, तर ते त्याच्या तोंडावर वाचता आलं पाहिजे. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मग यंत्राची खटक-धप्प सुरू झाली आणि माझे शब्द ओल्या शाईत एकावर एक पडायला लागले. मला वाटतं, त्या दुपारी मी माझ्याच पत्रकापुढे जवळजवळ गुडघे टेकले होते.

मावशीला सुगावा लागलाच. "माझी पोरगी पुस्तक लिवते!" असं तिने अख्ख्या आळीला सांगितलं. मला म्हणाली, "वाच की गो मला."

"रविवारी वाचते," मी म्हटलं.

"मंग आयतवारी मी येतंय तुमच्या देवलात. तू कबुली देनार नि मी घरी बसू?"

मी चपापले. त्या काळात कॅथलिकांनी आमच्या उपासनेला येऊन बसणं त्यांच्याकडे पाप समजलं जाई. "मावशी, तुझे फादर काय म्हणतील?"

"शनवारी फादरपुढं पाप कबूल करेन. नमो मरियाच्या धा प्रार्थना जास्ती सांगतील, आनि काय? तुझ्यासाठी धा काय, ईस म्हनेन."

मी वाचून दाखवलं नाही. शुक्रवारी विसरले, शनिवारी वेळ नव्हता. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

आमचं उपासनेचं मंदिर साधं होतं. पांढऱ्या भिंती, एकही चित्र नाही, मेणबत्ती नाही, साधा क्रूससुद्धा नाही. पुढे व्यासपीठ, बाजूला पेटी आणि तबला. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे. भिंतीला टेकून चार बाकं होती, ती म्हाताऱ्या पुरुषांसाठी. आणि व्यासपीठाच्या शेजारी एक वेताची, रुंद हातांची खुर्ची. ती साहेबांची. ज्या गोऱ्या साहेबांनी हे मंदिर बांधलं, बाबांना खिळे जुळवायला शिकवलं, ते स्वातंत्र्याच्या सुमाराला म्हातारे होऊन आपल्या देशी परतले आणि तिथेच वारले. त्यांची खुर्ची तिथेच राहिली. तिच्यावर पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, विणलेलं पांढरं जाळीचं कापड असे. बाहेरून मोठा पाळक पाहुणा आला तरी त्याला घरून दुसरी खुर्ची आणत. बाबा दर शनिवारी स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने ती पुसत. आणि दर रविवारी सकाळी तिच्या पायाशी काचेच्या पेल्यात तगरीची फुलं ठेवायचं काम नवव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. त्या रविवारीही मी ती ठेवली. एका काखेत माझ्या पत्रकांचा गठ्ठा होता, म्हणून एका हातानेच ठेवली.

मंदिर त्या दिवशी भरलं होतं. पहिलं गीत संपत आलं आणि मावशी आली. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, कपाळावर घाम. गुडघे सुजलेले, उन्हातून चालत आली होती. दारात उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं. सतरंजीवर बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं, बसली असती तर दोन माणसांना तिला उठवावं लागलं असतं. बाकं भरलेली. मग तिला ती खुर्ची दिसली. ती सरळ मधल्या वाटेने पुढे चालत गेली, खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात टेकले, आणि 'जेजूस' म्हणत बसली. वेत करकरला. पेटीवाल्याचा भाता अर्ध्यात राहिला.

मंडळीचे पंच शांतवनराव धावले. गृहस्थ प्रामाणिक होते, साहेबांवर त्यांची भक्ती होती. भक्ती हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

"अहो बाई! तिथं नाही, तिथं नाही!"

मावशी दचकली. "क्याला? मोरलेली हाय?"

"मोडलेली नाही. ती साहेबांची आहे."

"मंग येऊं दे सायबाला. आला का उठतंय."

"साहेब यायचे नाहीत आता."

"कुठं गेलंय?"

शांतवनरावांनी आवाज खाली आणला. "साहेब देवाघरी गेले."

मावशीने गुडघे चोळले. मग अगदी सरळपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग त्याला तिथं बसायला गावलं आसंल ना? माझे गुडघे हिथंच हायेत, बाबा."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पदर तोंडात कोंबला. शांतवनराव लाल झाले. "बाई, तिथं कुणीच बसत नाही. कधीच नाही. फुलं दिसत नाहीत का तुम्हाला?"

मावशीने खाली पाहिलं. पेल्याकडे पाहून ती पहिल्यांदा ओशाळली. "अगो बाय, तुमची जागा हाय व्हय ही," ती हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा मुळीच नव्हता. आमची देवाची जागा तिने चुकून विटाळली असं तिला खरोखर वाटलं. ती उठायला लागली, पण गुडघे साथ देईनात. आणि तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने बाबा उठले. ते पुढे आले, खाली वाकले, फुलांचा पेला उचलून बाजूला खिडकीत ठेवला. मग मावशीच्या पाठीमागचं गोळा झालेलं जाळीचं कापड ओढून काढलं, त्याची घडी केली आणि तिच्या पावलांखाली ठेवली.

"नीट टेकून बसा, रोझाबाई," ते म्हणाले. "फरशी गार आहे."

पाळकांनी घसा खाकरला आणि सांगितलं, "गीत पहिल्यापासून घेऊ या."

मी पहिल्या रांगेत होते. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. वरच्याच पत्रकावर मथळा होता, 'दगडाला भूक लागते का?' आणि खिडकीत माझी तगरीची फुलं. नऊ वर्षं मी ती कुणापुढे ठेवत होते? साहेबांना वास येत नव्हता, खुर्चीला तर नाकच नव्हतं. मावशीच्या मरियामायला निदान टवका उडालेलं तरी होतं. मला हसू आणि रडू एकदम आलं.

मग पाळकांनी मला उभं केलं आणि ठरलेले प्रश्न विचारले. जिवंत देवाशिवाय दुसऱ्या कशालाही नमन करणार नाहीस ना, या प्रश्नाला मी कितीतरी दिवस खणखणीत 'होय, करणार नाही' म्हणायचा सराव केला होता. आता आवाज असा आला, की मागच्यांना ऐकूच गेला नाही. आणि प्रभुभोजनाचं ताट रांगेतून फिरत माझ्यापुढे आलं, भाकरीचे छोटे तुकडे, तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती, माझ्या पत्रकातला तो उपाशी माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो मी बनवला होता, हातांनी घडवला होता, आणि मावशीच्या दारात उभा केला होता. मूर्ती करू नका ही दुसरी आज्ञा राखण्यासाठी मी नववी, खोट्या साक्षीची, बिनदिक्कत मोडली होती. आणि जिच्याविरुद्ध साक्ष दिली ती माझ्यासाठी पाप पत्करून चार हातांच्या अंतरावर बसली होती. मी ताटातला तुकडा घेतला नाही. ताट शेजारच्या मुलीकडे सरकवलं. मंडळीला वाटलं, खुर्चीच्या प्रकाराने पोरगी बावरली. फक्त बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दारात मी उभी राहिले नाही. गठ्ठा तसाच घेऊन मावशीच्या मागोमाग तिच्या घरी गेले. ती पाय सोडून बसली होती. "दमलू गो," म्हणाली. "पन तुमची गानी ब्येस हायेत. आता वाच."

मी वाचलं. सगळं, एकही शब्द न गाळता. तो परिच्छेदही वाचला. मावशी ऐकत राहिली.

"उपाशी मानूस कवा आलता माझ्या दारात?"

"नाही आला."

"मंग लिवलंस क्याला?"

"जोर यावा म्हणून."

"हं," ती म्हणाली. "आनि ती भाकर. ती दुपारी कुठं जाते, कवा इचारलंस?"

तिने हनुवटीने फळीकडे दाखवलं. फळीवर माझा पत्र्याचा डबा होता.

"गार का, गार का म्हनून अकरा वरसं बोंबललीस ना? सकाळची पयली भाकर हाय ती. मरियामाय खात नाय, मनाय म्हायत हाय. मी येडी नाय. मना प्वार झाला नाय. जिला झाला तिला मी दाखवते, बाय, बघ, आज माझ्याही घरात प्वार जेवनार हाय. मंग ती डब्यात ठेवते." ती उठली, भिंतीला धरून चुलीकडे गेली. पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "जा आता घरी."

तिने हसून सोडून दिलं असं मी इथं लिहू शकते, आणि तुम्हालाही ते आवडेल. पण मग मी पुन्हा वाक्याला जोर आणला असं होईल. ती रागावली. दोन दिवस डबा फळीवर उपडा होता. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली, पाटावर बसवलं आणि तव्यावरची वाफाळती भाकर माझ्या ताटात टाकली. अकरा वर्षं मागितलेली ती गरम भाकर! मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की ही सकाळची पहिली भाकर नाही. आज कोनाड्यापुढे माझ्या नावाचं काही ठेवलेलंच नाही. मी ताटावर बसून ढसाढसा रडले. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती. "आता काय झालं? गरम हाय ना?"

"मला गारच हवी," मी म्हटलं.

"तुज्या शास्त्रात चालंल?"

हात न धुताच मी मागच्या दाराने पळत छापखान्यात गेले आणि बाबांना विचारलं. ते यंत्राला तेल देत होते. मी सगळं सांगितलं: मूर्तीपुढे ठेवलेली भाकर अकरा वर्षं खाल्ली, आता कळल्यावर काय करू?

"भाकर केली कुणासाठी होती?"

"माझ्यासाठी."

"मग मला विचारायला कशाला आलीस? ती थांबली असेल."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा डब्यातली गार भाकर खाऊ लागले. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट माझ्यापुढे आलं, तेव्हा मी तुकडा घेतला. खुर्चीत त्या दिवशी शांतवनरावांची आई बसली होती. त्यांनीच आणून बसवली होती, कुणाकडे न बघता. मग त्या खुर्चीला रविवारी मोकळी राहायची सवडच मिळाली नाही. बाळंतीण बाई, पाय मोडलेला रेल्वेचा कारकून, एकदा तर वाट चुकलेला एक तारवाला पोस्टमन. वेत तुटला, बाबांनी सुतळीने आवळला, पुन्हा तुटला. साहेबांची खरी आठवण लोकांना तेव्हापासून येऊ लागली असं आई म्हणे, कारण ज्याला खुर्ची मिळे तो विचारी, ही कुणाची? आणि मग साहेबांच्या गोष्टी निघत.

माझी पत्रकं बाबांनी चौकोनी कापून मावशीला फुग्यांच्या पुड्या बांधायला दिली. त्या नाताळात अर्ध्या ठाण्याने 'दगडाला भूक लागते का?' या कागदातून फुगे खाल्ले. एक मात्र मावशीने न कापता मागून घेतलं. ती गेली तेव्हा तिचं घर आवरायला मी गेले होते. तोपर्यंत गावाबाहेरची भातशेतं जाऊन वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांचे भोंगे ऐकू यायला लागले होते. कोनाड्यात मरियामायच्या पाठीमागे माझं ते पत्रक चार घड्या करून ठेवलेलं होतं, मेणाचे थेंब पडलेलं. तिच्याविरुद्ध लिहिलेला कागद तिने तिच्या सगळ्यात जपून ठेवायच्या जागी ठेवला होता. तो मी घरी आणला. फ्रेम करून लावावा असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, नको, त्यालाही कुणी फुलं ठेवायला लागेल.

माझा गैरसमज करून घेऊ नका. मूर्तीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. माझ्या भिंती आजही कोऱ्या आहेत, आणि दुसरी आज्ञा मला आजही तितकीच खरी वाटते. मावशीशी मी यावर शेवटपर्यंत भांडले आणि तीही हटली नाही. पण मूर्ती शोधायची ती शेजारच्या कोनाड्यात आधी शोधू नये, एवढं मला कळलं. आपण ज्याच्यापुढे फुलं ठेवतो ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण फुलं ठेवण्यात गुंतलेले असतो. आणि खऱ्या उपासनेबद्दल मी पुढे पुष्कळ पत्रकं लिहिली, काही बरी होती. पण बाबा वाकून त्या कापडाची घडी सुजलेल्या पावलांखाली सरकवतात, त्याहून चांगलं मला लिहिता आलं नाही.

म्हणून आता काम. सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत या. येत्या वेळी तुम्ही तुमच्या प्रार्थनेच्या जागी जाल, तेव्हा ती रिकामी जागा शोधा. ती असेल. तिच्यावरची फुलं उचलून खिडकीत ठेवा, मग मागे वळून दारात कोण उभं आहे ते बघा, आणि ज्याचे पाय सर्वांत जास्त दुखत असतील त्याला हाताला धरून तिथं बसवा. कुणी विचारलं, ही जागा कुणाची, तर सांगा, यांचीच.